वरची साडी कोणाची?

गोधडी शिवायला आधी काय लागतं, असं विचारलं की कोणी सुई म्हणतं, कोणी दोरा म्हणतं, हल्लीच्या मुली यूट्यूब म्हणतात. हे सगळं नंतर बघता येतं. आधी लागतात जुने कपडे, आणि ते जुने झालेत हे कबूल करणारा त्यांचा मालक. जुने कपडे घरात बोचक्यांनी सापडतात. असा मालक आमच्या घरात तरी अजून सापडलेला नाही.

माझ्या नवऱ्याचा निळ्या चौकड्यांचा एक शर्ट आहे. त्याची कॉलर एकदा उसवून, उलटवून पुन्हा शिवलेली आहे. कोपरांवर तो इतका विरलाय की उजेडात धरला तर पलीकडचं कॅलेंडर तिथीसकट वाचता येतं. हा शर्ट गोधडीसाठी मागितला की नवरा दुखावतो. "अगं, घरात घालायला आहे तो." घरात घालायचे त्याच्याकडे इतके कपडे झालेत की त्या हिशेबानं त्यानं नोकरी सोडायला हवी. पुरुषाचा शर्ट म्हातारा होत नाही, त्याची फक्त बदली होते. ऑफिसातून घरात, घरातून गावाकडे 'तिकडं घालायला', तिथून रंगपंचमीला, रंगपंचमीतून वाचला तर माळा झाडायला, आणि तिथून स्कूटर पुसायला. प्रत्येक बदलीच्या वेळी घरातली बाई हात पुढे करून उभी असते आणि प्रत्येक वेळी शर्टाला मुदतवाढ मिळते. सरतेशेवटी जे तिच्या हातात पडतं त्याला ग्रीसचा वास येतो आणि ते सुई टोचली की टरकतं.

सासूबाई या वाटाघाटींत पडतच नाहीत. "माणसाला विचारलं की माणूस नाही म्हणतंय. विचारायचंच कशाला?" असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या राज्यात वाळत घातलेला शर्ट दोरीवरून खाली येतो, पण कपाटापर्यंत पोचत नाही. मालक आठवडाभर शोधतो, इस्त्रीवाल्याशी भांडतो, मग विसरतो. पुढच्या थंडीत कधीतरी रात्री त्याची नजर पायथ्याशी जाते आणि तिथं त्याचा खिसा असतो. सासूबाई खिसा उसवत नाहीत. तेवढंच दुपदरी कापड आयतं मिळतं. नवऱ्यानं एकदा मध्यरात्री दिवा लावून विचारलं, "आई, हा माझा शर्ट ना?"

"तुझाच की. आणि तूच पांघरलायस. मग गेला कुठं?"

त्यानं दिवा मालवला.

बायकांची तऱ्हा वेगळी. साडी जुनी झाली हे बाई लगेच कबूल करते, पण देताना तिला कहाणी सांगायची असते. ही बारशाची, ही भावानं पहिल्या पगारातून घेतलेली, ही नेसून अमकीच्या लग्नात तमकीची जिरवली होती. कहाणी ऐकल्याशिवाय साडी मिळत नाही आणि कहाणी ऐकली की साडी मागायचं तोंड राहत नाही. लुगड्यांच्या काळात हा पेच नव्हता. लुगडं मध्ये विरलं की विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्ही तुकडे जोडायचे, म्हणजेच दंड घालायचा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्यातून हातभर गेलं तरी नेसायला पुरतं. पण पुन्हा विरलं, पुन्हा कापलं, की लुगडं आखूड पडायला लागायचं, मग त्यातून पोरीबाळींचे परकर निघायचे, परकरांनी मान टाकली की ते गोधडीत. सगळं ठरलेलं. कोणाला कहाणी सांगायला सवडच मिळत नसे.

जुन्या कपड्यांवर गोधडीइतकाच हक्क सांगणारी दुसरी असामी म्हणजे बोहारीण. दुपारी पुरुष कामावर गेलेले असताना ती दारात बैठक मारते, स्टीलचं पातेलं पुढ्यात ठेवते आणि त्याला एक टिचकी मारते. त्या आवाजाला भुलून भल्या घरच्या बायकांनी नवऱ्यांच्या भल्या पँटी देऊन टाकल्याची उदाहरणं गल्लोगल्ली आहेत. तिला पँटी हव्या असतात, जीनच्या असतील तर फारच बरं, जरीची साडी तर ती स्वप्नात बघत असते, कारण हे सगळं तिला पुढं विकायचं असतं. विरलेलं सुती पातळ पुढं टाकलं तर ती ते दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवते. "ताई, ह्याचं मी काय करू?" त्यामुळं तिच्यात आणि गोधडीत भांडण असं होत नाही. विकण्याजोगं ते तिचं, अंगाला मऊ लागणारं ते आपलं.

ही सोयीची वाटणी बिघडली ती टेरिलीन, टेरिकॉट आणि पुढं पॉलिएस्टर घरात शिरल्यावर. या कापडात सुई घसरते, टाका सैल पडतो, घाम जिरत नाही आणि कोरड्या थंडीत अंधारात पांघरूण झटकलं तर ठिणग्या दिसतात. पण त्याचा खरा दोष असा की ते मरत नाही. सुती साडी धुण्याधुण्यागणिक मऊ होत, विटत, विरत जाते आणि एके दिवशी स्वतःहून बाजूला होते. पॉलिएस्टरची साडी तीस वर्षांनीही आणली तशी. तिचा आपल्याला कंटाळा येतो, तिला आपला येत नाही. आमच्या कपाटात अशा साड्यांचा एक खण आहे, त्यातली प्रत्येक साडी माझ्यानंतरही खडखडीत असेल.

कापड जमलं, की मग खरा प्रश्न. वरची साडी कोणाची?

गोधडीच्या पोटात काय काय आहे ते शिवणारीलाच ठाऊक असतं. तिथं धोतर असतं, पंचे असतात, फाटक्या चादरी, मांजरपाटाचे अभ्रे, आणि ज्याला तोंड वर काढायची परवानगी नाही असा कोणाचातरी पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा. वर मात्र एक धड साडी लागते आणि खाली एक. वरची पाहुण्यांना दिसते, खालची फक्त गादीला. माझ्या लग्नानंतर घरात पहिली गोधडी शिवायला घेतली तेव्हा एकीकडे सासूबाईंचं हिरवंगार इरकल होतं आणि दुसरीकडे माझ्या आईनं मोठ्या मनानं पाठवलेली नारायणपेठ. दोन्ही सुती, दोन्ही मऊ, दोन्हींचे काठ शाबूत. मी नवी होते. मी म्हटलं, "नारायणपेठ वर घालू या का? रंग खुलेल."

"घाल की," सासूबाई म्हणाल्या. "इरकलाचं काय, ते खाली पण चालतंय. आम्ही जन्मभर खालीच."

अर्थातच इरकल वर गेलं. पुढं आई राहायला आली तेव्हा रात्री तिला पांघरायला नेमकी तीच गोधडी दिली गेली. आईनं ती हातात घेतली, दिव्याखाली दोन्ही अंगांनी बघितली आणि शांतपणे उलटी करून पांघरली. सकाळी सासूबाई अंथरुणं काढायला गेल्या तेव्हा नारायणपेठ वर होती. चहा झाला, पोहे झाले, दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची आस्थेनं चौकशी केली, आणि मग सासूबाईंनी गोधडीची घडी घातली, इरकल वर येईल अशी. आई असेपर्यंत ती गोधडी रोज रात्री एका बाजूची असे आणि रोज सकाळी दुसऱ्या. दोन्ही अंगं सारखीच विटली त्यामुळं. एरवी गोधडी इतक्या समतोलानं झिजत नाही.

शिवण्याचं काम त्या मानानं बिनकटकटीचं. जागा मात्र मोकळी लागते. आमच्या दीड खोलीच्या दिवाणखान्यात गोधडी अंथरायची तर सोफा बाल्कनीत जातो, टीपॉय संडासापाशी जातो आणि नवरा मित्राकडे जातो. खालची साडी दुहेरी अंथरून तिचे कोपरे ताणायचे आणि त्यांवर वजनं ठेवायची: एकावर वरवंटा, एकावर इस्त्री, एकावर तांदळाचा डबा, चौथ्यावर घरात त्या वेळी रिकामं असेल ते माणूस. मग थर. शिवणीची जाडी एकीवर एक येऊ द्यायची नाही, विरलेल्या जागेवर धड तुकडा येईल असं बघायचं, सुरकुती तळहातानं कडेला हाकलायची. एखादी राहून गेली तर ती गोधडीबरोबर म्हातारी होते. वरची साडी पडली की आधी लांब लांब कच्चे टाके घालून सगळं जाग्यावर धरायचं आणि मग धावदोरा. कडेपासून सुरुवात, चारी बाजूंनी, एका चौकोनाच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, असं सरकत सरकत मध्यापर्यंत. टाका तांदळाएवढा पडला पाहिजे. दोरा हातभराहून लांब घेतला की सासूबाई त्या बाईला आळशी समजतात, आणि गाठ वरून दिसली की तिच्या आईला.

सासूबाईंच्या माहेरी कराडला या कामाला चार बाजूंना चार बायका बसत. कडेला असताना बोलणं पावसापाण्याचं. हात आत सरकतील तसं बोलणंही आत सरके, आणि मध्यावर चार डोकी एकत्र येईपर्यंत गावातल्या कोणाची धडगत नसे. आमच्याकडे तिथली एक जुनी वाकळ आहे. तिचे टाके तीन बाजूंनी बारीक, एकसारखे, डोळ्यांत भरावे असे. चौथ्या बाजूला मात्र ते अचानक बोटभर लांब होतात आणि वीतभर तसेच तिरके धावत जातात. सासूबाई त्यावरून बोट फिरवून सांगतात, "ही ती दुपार. पाटलाची थोरली मास्तराबरोबर गेली ना." पुढच्या ओळीपासून टाके पुन्हा बारीक आहेत. म्हणजे तोवर सगळा तपशील कळलेला असावा.

कोपऱ्यांबद्दल आमच्याकडे फारसं मनावर घेत नाहीत. काठाची पट्टी दुमडली की झालं. ही बेफिकिरी कर्नाटकातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांपुढं चालायची नाही. पोर्तुगीजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्याला आणलेल्या माणसांचे त्यांतले बरेच वंशज; त्यांच्यातल्या ख्रिस्ती सिद्दींच्या तोंडी अजून कोकणी आहे. त्यांच्या गोधडीला म्हणतात कवंड. तिच्या कोपऱ्यांवर कापडाचे त्रिकोण दुमडून केलेली फुलं हवीतच. फुलं नसतील तर कवंड उघडीनागडी समजतात. हे मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आमच्या सगळ्या गोधड्यांचे कोपरे एकदा बघून घेतले आणि त्या रात्री पाहुण्यांना सोलापुरी चादरी दिल्या.

ठिगळाला आपल्याकडे वैराग्याचा मान फार जुना. बुद्धानं भिक्खूंना तुकडे जोडलेलं चीवर घालायला सांगितलं, आणि मगधातली बांध घातलेली भातखाचरं शिष्य आनंदाला दाखवून असं चीवर बेतता येईल का म्हणून विचारलं, अशी कथा विनयपिटकात आहे. अखंड कापड मुद्दाम कापायचं ते त्याची किंमत उतरावी आणि चोरांना त्याचा मोह पडू नये म्हणून. आपल्या गाडगेबाबांचा वेशही चिंध्यांचाच. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. या थोर मंडळींनी चिंध्या पांघरल्या त्या काही नको म्हणून. आमच्या घरात चिंध्या पांघरतात त्या काही टाकवत नाही म्हणून. दिसायला दोन्ही गोधड्या सारख्याच, आणि सासूबाईंच्या वाट्याला थोडं पुण्य चुकून येत असेल तर माझी हरकत नाही.

गोधडी धुणं हा शिवण्याहून मोठा सोहळा. नवरात्रात घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन निघायला हवं, ही आपल्याकडची रीत. कराडात त्यासाठी कृष्णेचा घाट होता. भाद्रपदाच्या अखेरीला सगळं गाव वाकळा घेऊन पाण्यावर उतरे आणि काठचे दगड, कुंपणं, झुडपं रंगीबेरंगी होऊन जात. भिजलेली वाकळ पिळायला दोघी लागतात, आणि दोघींनी उलट्या दिशांना पिळावी लागते. एका दिशेला पिळत बसलेल्या सासू-सुना मी स्वतः पाहिल्या आहेत; ती एकमेव वेळ जेव्हा त्यांचं एकमत झालं होतं.

आता पुण्यात आमच्याकडे साडेसहा किलोचं वॉशिंग मशीन आहे. कोरडी गोधडी त्यात कशीबशी मावते. पण पाणी प्यायलेली गोधडी हा वेगळाच प्राणी. पिळायची वेळ आली की मशीन एका बाजूला कलतं, धडधडतं आणि जागा सोडून बाथरूमच्या दाराकडे निघतं. एका सप्टेंबरात ते दारात आडवं येऊन अडकलं. आत नवरा होता. त्याला बाहेर काढेपर्यंत त्यानं घरातली सगळी गोधडीसंस्कृती एकदाची बंद करण्याबद्दल आतून बरंच भाषण केलं, ते सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गच्चीवर न्यायला दोन माणसं लागतील. बाहेर आलास की बघ."

शिवणयंत्र घरात आलं तरी त्याचा आणि गोधडीचा फारसा संबंध आला नाही. इतके थर घरगुती यंत्राच्या सुईखाली जात नाहीत. पण घराचा चेहरा मात्र त्यानं बदलला. यंत्रांशी गांधीजींचं फार सख्य नव्हतं, तरी १९२४ साली या विषयावर बोलताना त्यांनी शिवणयंत्राला सूट दिली आणि सिंगरची गोष्ट सांगितली: बायको रात्रंदिवस हातानं शिवत बसलेली त्याला बघवेना, म्हणून प्रेमापोटी त्यानं हे यंत्र केलं. महात्म्यांचा माणसांवर विश्वास असतो. प्रत्यक्षातला आयझॅक सिंगर नाटकं करत हिंडणारा नट. १८५१ साली त्यानं अमेरिकेत आपल्या सुधारित यंत्राचं पेटंट घेतलं, आणि त्याच सुमारास त्याचे एकाहून अधिक संसार एकमेकांना पत्ता न लागता चालू होते. मुलं झाली वीसेक. इतकी झबली लागणारा माणूस शिवणयंत्राच्या मागं लागणारच.

आमच्या लहानपणी आईचं पायमशीन खिडकीशी असे. पट्टा काढलेला असला की पायडलवर आम्ही कोल्हापूरची एसटी चालवत असू. शेजारी श्रीखंडाचा डबा, जो श्रीखंडाच्या आशेनं उघडला की त्यातून बॉबिना, हुक, प्रेसबटनं आणि तुटकी टेप निघे. आणि कात्री. कापडाची कात्री कागदाला लावणं हा आमच्या घरात चोरीच्या वरचा गुन्हा होता. चोरी केलेल्याला एकवेळ जेवायला मिळे.

आईनं मशीनवर जे शिवलं त्यात पुढं आमचा नंबर शेवटचा लागला. आधी मिक्सरला कव्हर झालं, मग रेडिओला, मग टीव्हीला, मग फ्रिजच्या मुठीला आणि गॅसच्या सिलिंडरला झालरीचा घागरा. मशीनला स्वतःचं कव्हर होतं, आणि त्या कव्हरावर धूळ बसू नये म्हणून वर एक भरतकामाचा रुमाल. घरातली प्रत्येक वस्तू अंगभर कपड्यांत, आणि पोरं उन्हाळ्यात चड्डीवर. दिवाळीला आमचाही विचार होई. बाबा एकाच ताग्यातलं कापड मीटरवर आणत. मला फ्रॉक, ताईला परकर-पोलकं, दादाला बुशकोट, उरलेल्यात पडदे. त्या दिवाळीच्या फोटोत आम्ही भावंडं खिडकीपाशी उभी आहोत. दादा कुठला आणि पडदा कुठला हे त्याच्या कानांवरून ओळखावं लागतं.

आणि सगळं वाढत्या अंगाचं. फ्रॉक घोट्याच्या वर कधी आला नाही. त्याच्या घेराला आत दोन-तीन दुमडी घातलेल्या असत, दरवर्षी एक उसवायची. उसवलेल्या दुमडीचा पट्टा गडद राही, त्यामुळं वर्गात बाई माझ्या फ्रॉकवरून माझी इयत्ता सांगू शकत. ज्या वर्षी तो मला बरोबर मापात बसला त्या वर्षी तो काखेत फाटला.

नंतर तयार कपड्यांचे दिवस आले आणि मशीनवर मोबाइलचे चार्जर राहायला आले. ते पुन्हा जागं झालं २०२० मध्ये, मास्कसाठी. तेव्हा एक मोठं सामाजिक काम झालं, ज्याची नोंद कुठं झालेली दिसत नाही. ओटीत आलेले ब्लाउजपीस कोणी शिवत नसतं. ते जपून ठेवायचे आणि पुढच्या बाईची ओटी भरायची; तीही तेच करते. एक आमसुली खण माझ्याकडून गेला आणि दोन नवरात्रांनी माझ्याकडेच परत आला. घडीत माझ्याच हातची हळद होती. कित्येक वर्षं महाराष्ट्रात फिरत राहिलेले हे खण त्या उन्हाळ्यात एकदाचे कापले गेले. आमचं सगळं कुटुंब आमसुली तोंडानं भाजी आणायला जात होतं.

आता नवऱ्याची भाची क्विल्ट शिकते आहे. तिच्याकडे चौकटी आखलेली हिरवी चटई आहे, पट्ट्या आहेत, आणि फिरत्या पात्याचा तो गोल कटर आहे, जो १९७९ साली एका जपानी कंपनीनं बाजारात आणला. शिवाय फॅट क्वार्टर नावाचे, साधारण १८ बाय २२ इंचांचे कापडाचे तुकडे, रिबिनीत बांधलेले. हे सामान ती एकदा सासूबाईंना दाखवायला घेऊन आली. सासूबाईंनी एक तुकडा चष्म्याजवळ नेला, चिमटीत चोळला, खळ अजून जागेवर होती.

"हे कशातलं उरलेलं गं?"

"उरलेलं नाही आजी, नवीनच आहे. असं विकत मिळतं."

"मग ह्याचं करतेस काय?"

"त्रिकोण कापायचे. मग ते त्रिकोण जोडायचे."

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. "म्हणजे धड होतं ते कापायचं, आणि कापलेलं जोडायचं."

"हो."

"आणि हे शिकायला पैसे?"

तिनं आकडा सांगितला. सासूबाईंनी पाणी मागितलं.

भाचीनं मग मोबाइलवर अमेरिकेतली गीज बेंडची क्विल्ट दाखवली. अलाबामातल्या नदीच्या वळणावरचं ते गाव, गुलामगिरीतून आलेल्या काळ्या शेतकऱ्यांचं. तिथल्या बायकांनी शेतातले झिजलेले कपडे, डेनिम, कॉर्डुरॉय जोडून ती केली आणि २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं. सासूबाईंना ते फोटो मनापासून आवडले. गुडघ्याशी विटलेल्या एका पँटीचा पाय त्यांनी लगेच ओळखला. बाकीचं त्यांना पटलं नाही. "भिंतीवर टांगलंय? मग त्या बायका पांघरतात काय?"

हिवाळ्यात भाची आम्हाला एका प्रदर्शनाला घेऊन गेली. एका स्टॉलवर गोधड्या होत्या, हातशिलाईच्या म्हणून, आणि किमती अशा की नवऱ्यानं हात खिशात घालून ठेवले. सासूबाईंनी सवयीनं गोधडी आधी उलटी केली. मागून नखानं एक टाका उचकटला आणि चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या, "मशीनची टीप आहे ही." स्टॉलवाली बाई हुशार होती. तिनं सासूबाईंना खुर्ची दिली, चहा दिला, आणि अर्ध्या तासात आमच्याच सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी पारंपरिक गोधडीचा वर्ग भरवायचं ठरवून टाकलं. शिकवणार सासूबाई. फी आगाऊ.

रविवारी हॉल भरला. नोकरीवाल्या बायका, दोन कॉलेजच्या मुली, एक निवृत्त कर्नल. प्रत्येकाच्या पुढ्यात दुकानाच्या पिशवीतलं कोरं, इस्त्री केलेलं सुती कापड. सासूबाई नऊवारी सावरत सगळ्यांपुढून फिरल्या, प्रत्येकाचं कापड चिमटीत धरून बघितलं, कर्नलसाहेबांचं तर दोनदा. मग मधोमध उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे सगळं. घरी न्या, दहा वर्षं वापरा आणि मग या."

भाची माझ्या कानात कुजबुजली, "मामी, फीचं काय करायचं?"

सासूबाईंना ते नेमकं ऐकू गेलं. "फी राहू दे," त्या म्हणाल्या. "जागा धरून ठेवलीय ना त्यांची."